टीपकागद

क्यूच्या दफ्तरखान्यात पेन न्यायला बंदी.
पेन्सिल चालते, खोडरबर नाही.
बाहेर तळ्यात एक करडा बगळा
सकाळपासून एका पायावर,
त्यालाही कुणी काही विचारू नये असा.

फाइल आली. फीत सोडली.
जहाजांच्या कालव्याचा करार,
दोन सरकारं, एक कंपनी,
पत्रं एकशे बारा.
मोजली. एकोणचाळीस.
बाकीच्यांच्या जागी पिवळी चिठ्ठी,
मजकूर तोच, सही दर वेळी निराळी:
'काढून ठेवले आहे. लोकहितास्तव.'

लोक म्हणजे कोण, ते चिठ्ठीत नव्हतं.

काउंटरवरच्या पेंडलबरींना विचारलं, कधी उघडणार?
हवामान सांगावं तसं ते म्हणाले,
'पुढच्या आढाव्यानंतर, कदाचित. छत्री आणलीय ना?'
झाकली मूठ सव्वा लाखाची,
हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगणार?

उरलेल्या पत्रांत एका साहेबाचा संधिवात.
जेवणाच्या आमंत्रणाला होकार.
'आपल्या अठरा तारखेच्या पत्रातील सूचना मान्य.'
अठरा तारखेचं पत्र पिवळं.
टाचण्या निघाल्या तिथे गंजाचे दोन-दोन ठिपके,
साप चावल्यासारखे.

पुण्यात मी मोडी कागद वाचायचे.
घडी उलगडली की मांडीवर वाळू सांडायची,
कुणीतरी शाई सुकवायला टाकलेली,
दोन-अडीचशे वर्षं तशीच बसून राहिलेली.
वाळू काही लक्षात ठेवत नाही.
हा कालवाही वाळूतच खणला.
खणणाऱ्यांची नावं
ना उघड्या यादीत, ना झाकलेल्या.

पण इथे शेवटच्या दोन पानांमध्ये
गुलाबी टीपकागद.
कुणा कारकुनाचा विसरलेला,
किंवा विसरल्यासारखं करून ठेवलेला.
अक्षरं उलटी, एकावर एक,
मुंग्यांनी वारूळ बदलावं तशी.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात.
मी फोनमध्ये फोटो काढून उलटा केला.
आधी नुसता चिखल.
मग 'दर टनी'.
आकड्याच्या जागी डाग.
मग एक शब्द, खाली दोन रेघा: 'तोंडी'.
आणि सगळ्यात ठळक, अजून ओलं वाटावं असं,
'आपला आज्ञाधारक सेवक'.

तोंडी.
म्हणजे त्या त्र्याहत्तर पत्रांतही ते नसणार.
एवढ्या सह्या, एवढे आढावे,
आणि मूठ कदाचित रिकामीच,
झाकणाऱ्यालाही ठाऊक नसलेली.

फाइल बांधली. परत दिली.
पेंडलबरींनी पानं मोजली, हसले.
टीपकागदाची यादीत नोंद नव्हती.
मीही करवली नाही.

बाहेर बगळा उडून गेलेला.
पाऊस होता.
छत्री मी आणलीच नव्हती.