अंत्यबिंदू

सोहार. रात्रीचे अडीच, बाहेर तरीही छत्तीस.
प्रयोगशाळेच्या काचेला घाम बाहेरच्या अंगाने.

चंचुपात्रात थायोयुरिया, पाण्यात विरघळून
पाण्यासारखाच.
पीएच विचारला तर साताच्या आसपास काहीतरी पुटपुटतो,
म्हणजे काहीच सांगत नाही.

ब्युरेटमधून आम्ल सोडते, थेंब, थेंब,
आणि आलेखाची रेघ
निव्वळ पाण्याच्या रेघेवरून तंतोतंत जाते.
शिजूला वाटतं बाटली चुकली.
चुकली नाही रे. आहे तो आत.
पाण्यात असताना कुणाचं काही घेत नाही, एवढंच.

नत्र दोन आहेत त्याच्याकडे.
नत्र म्हणजे प्रोटॉन घेणारा, हे अकरावीचं पाठांतर.
पण या दोघांनी जवळचं होतं ते
मधल्या कर्बाच्या हाती
गंधकाकडे सरकवून दिलंय,
जसे पगाराच्या दिवशी एक्सचेंजच्या खिडकीत
सगळे सरकवतात रियाल
आणि खोलीभाड्यापुरते ठेवतात खिशात.

त्याला बोलतं करायचं तर जहाल आम्ल हवं,
पीएच शून्याच्याही खाली,
जिथे आपल्या रंगीत पट्ट्या नुसत्या कागद होतात.
तिथे घेतो तो एक प्रोटॉन.
तोही गंधकावर,
आपण नत्राकडे डोळे लावून बसलेले असताना.

उद्या तीन नंबरच्या हीटरमध्ये आम्ल फिरवायचंय.
समुद्राने वर्षभर नळ्यांत लिंपलेला थर जायला हवा,
नळी राहायला हवी.
म्हणून हा: गंधकाकडून धातूला चिकटून बसेल,
आम्लाला म्हणेल, इथे नाही.

"बाई, औषध मोजलंत ना नीट?"
शौकत हमदुले. मूळ बाणकोटचे,
एकोणीस वर्षं याच नळ्यांत.
"गेल्या खेपेस कमी पडलं, तर चाळण झाली."

मे महिन्यात त्यांचा भाऊ गेला, तिकडे, गावी.
कॅन्टीनमध्ये सगळे जाऊन भेटले.
सुदानी इंजिनियरने खांद्यावर हात ठेवला, कोणी खजूर आणले,
मी पण काहीतरी बोलले, आता आठवत नाही काय.
ते म्हणाले, बरं आहे, बरं आहे,
आणि पाळीवर गेले.
तीन महिने, तीच रेघ.

परवान्याचा फॉर्म पुढे केला. नाव, सही, वेळ.
त्यांनी लिहिलं, कागद परत दिला.
नावाच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात,
लियाकत हमदुले.

मी काही बोलले नाही.
दुसरा फॉर्म काढला.
त्यांनी पहिल्याकडे पाहिलं, बराच वेळ,
मग घडी घालून खिशात ठेवला.

"दोन किलो जास्तच टाका," म्हणाले.

दार उघडलं तशी बाहेरची दमट हवा
त्यांच्या चष्म्यावर बसली, दोन्ही काचा पांढऱ्या.
ते उंबऱ्यातच थांबून पुसत राहिले.
आतला गारवा सगळा बाहेर चालला होता.
शिजू दार लावायला उठला, त्याला मी बसवलं.

नोंदवही ओढली. अंत्यबिंदू:
आढळला नाही, असं लिहिणार होते.