शिक्का स्पष्ट उमटावा

शाणू टपालवाला सायकल माडाला टेकवतो,
"झुजाचें पाकीट आयलां," म्हणतो,
आणि माझ्या औषधांच्या काउंटरवर ठेवतो ते
दोन्ही हातांनी,
आत काही फुटण्यासारखं असल्यागत.

आत काही नसतं.
कोपरे दुमडू नयेत म्हणून घातलेलं एक कोरं कार्ड, बस्स.
आमच्या छंदात मजकुराला किंमत नाही.
आम्हाला हवं असतं बाहेरचं: तिकीट, शिक्का, तारीख,
वाट चुकल्याच्या खुणा.
एक पाकीट गोव्याऐवजी घानाला जाऊन आलं होतं.
तो निळा शिक्का मी पंधरवडाभर
खोकल्याचं औषध न्यायला येणाऱ्यांनाही दाखवला.

हालिना आली होती एका डिसेंबरात,
मोरजीच्या समुद्राचं पाणी कानात गेलं म्हणून.
थेंब दिले. दुपारची वेळ, अल्बम उघडाच होता.
आजोबांच्या पत्रांवरची पोर्तुगीज अमदानीतली तिकिटं पाहून
तिने स्टूल ओढलं आणि बसली,
कान धरून, तासभर.
जाताना पत्ता लिहून दिला: मिकोलायिव, रस्ता, इमारत, तिसरा जिना.
मग महिन्याला एक तिकडून, एक इकडून.

मग ते सुरू झालं.
टीव्हीवर नकाशा दाखवत होते, तांबडे बाण,
आणि खोटं कशाला बोलू,
पहिला विचार आला तो तिकिटांचा.
आता नवी निघतील.
आता भाव येईल.

पाकिटं येत राहिली. चोवीस दिवसांनी,
एकसष्ट दिवसांनी, एक तर एकशे तीन.
मी वहीत आकडे मांडत गेलो.
शिक्के मात्र फिसकटलेले,
अर्धी तारीख तिकिटावर, अर्धी कुठेच नाही.
तेव्हा मी त्या कोऱ्या कार्डावर लिहिलं,
इंग्रजीत, वळणदार अक्षरात, 'कृपया' दोनदा घालून:
शिक्का स्पष्ट उमटवून घ्यावा. तारीख वाचता येत नाही.

हे मी लिहिलं.

हंगामात दुकानात दोन्हीकडचे येतात.
एक आत असला की दुसरा शहाळीवाल्यापाशी रेंगाळतो.
दोघं उन्हाच्या त्याच मलमाचा भाव विचारतात.
अल्बम मी आता काउंटरखाली ठेवतो,
पानापानांत गोळ्यांच्या डब्यांतल्या त्या पुड्या,
'खाऊ नये' असं छापलेल्या.
इथली हवा डिंक चाटून टाकते.

मे महिन्यातलं पाकीट आलं ऑगस्टमध्ये.
असा शिक्का मी छापील कॅटलॉगातच पाहिला होता.
गोल अखंड. गावाचं नाव, तारीख, वेळसुद्धा,
अकरा चाळीस, शाई कुठे ओघळलेली नाही.
मी भिंग आणलं. मग कार्ड बाहेर काढलं,
ते कोरं नव्हतं.
"भोंगा झाला. सगळे तळघरात निघाले.
मी बाईंना म्हटलं, एक मिनिट, भारतात जायचंय.
त्यांनी पुन्हा शाई लावली.
आता बरा आहे का?"

अकरा चाळीस म्हणजे इथले दोन वाजून दहा.
शटर अर्धं ओढलेलं, पंखा तीनवर,
पेज जेवून मी आडवा झालेलो.
त्या दिवसाची पावतीपुस्तकं काढून पाहिली.
एक ते चार एकही पावती नाही.

मी लगेच लिहिलं, बरा आहे. फार बरा आहे.
तळघर किती खोल आहे तेही विचारलं.
जागा पुरेना म्हणून कार्डाच्या मागे लिहीत गेलो.

ते परवा परत आलं.
माझ्याच अक्षरातला तिचा पत्ता, वर आडवी पट्टी:
सेवा स्थगित.
पणजीचा कुंदे म्हणतो, असं परतलेलं पाकीट
दुर्मीळ असतं, आकडा सांग.
शाणूने तेही दोन्ही हातांनीच दिलं,
काही बोलला नाही, सायकल हातात धरून चालत गेला.

मी ते अल्बमात लावलेलं नाही.
सवयीने भिंगाखाली धरलं एवढंच.
निघतानाचा आमच्या मोरजीचा शिक्का
फिसकटलेला आहे.
तारीख लागत नाही.