दाद

चोवीस तासांनी पाहिलं तेव्हा
चकतीभोवतीचं वर्तुळ स्वच्छ होतं.
पट्टी लावली, मिलिमीटर लिहिले,
सही केली: औषध लागू.

प्लेट मात्र टाकली नाही.
तुंगारे मॅडम म्हणायच्या, बुरशीला दोन दिवस दे,
पहिल्या दिवशी ती खरं बोलत नाही.
अठ्ठेचाळीस तासांनी त्याच वर्तुळात
धुकं. आरशावर कुणी श्वास सोडावा तेवढंच.
भिंगाखाली ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे,
उशिरा आलेले,
औषधाच्या मांडीवर बसून औषधातच वाढणारे.

ह्यांना प्रतिरोधी म्हणत नाहीत.
प्रतिरोधी ती, जी औषधाला भिडते,
पंप बसवून आत आलेलं सगळं उपसून टाकते,
आमच्या सोसायटीच्या तळघरातल्यासारखा, रात्रंदिवस घरघरणारा.
ह्या पेशी नुसत्या सोसतात.
मरत नाहीत, जिंकतही नाहीत. सावकाश वाढतात.
रिपोर्टात त्यांच्यासाठी रकाना नाही.
मीही इथे अकरा वर्षं कंत्राटावर आहे. असो.

महिन्यापूर्वी स्टुलावर येऊन बसला लालमन पाल.
लोअर परळच्या टॉवरचा वॉचमन,
पार्किंगची तिसरी पातळी,
बारा तास पॉलिस्टर, वर कातडी पट्टा.
पट्ट्याखाली नकाशा: कडा लाल, खवल्यांच्या,
मध्ये बरं झाल्याचा भास.
"दाद है, मॅडम. दो साल से."

दाद.
त्याच्या भाषेत गजकर्ण.
माझ्या भाषेत, गजकर्ण जी देत नाही ती.

केमिस्टकडची चाळीस रुपयांची ट्यूब,
तीन औषधं एकत्र,
त्यातलं एक नुसतं खाज झोपवणारं.
खोलीत सात जण, पाळीपाळीने झोपणारे,
चादर एक, ट्यूब एक.
खाज थांबली की ट्यूब बंद, खाज उठली की पुन्हा.
असं थोडंथोडं पाजून
शिकवणी लावली आपण तिला.
फी त्याने भरली.

ब्लेडने खरवडलेले त्याचे कण काळ्या कागदावर झेलले.
तीन आठवडे बाटलीत. पांढरी, पिठूळ वाढ.
मग गोळीतलं औषध घातलं,
चौपट, आठपट, बत्तीसपट.
ती पिंजलेल्या कापसासारखी निवांत.
वरच्या मजल्यावर तिची अक्षरं वाचली त्यांनी,
औषध जिथे जाऊन बसतं तिथली:
सगळी जशीच्या तशी, एक सोडून.

आज तो रिपोर्ट न्यायला आला.
काउंटरवरचा म्हणाला, या नावाचं कोणी नाही.
पुन्हा पाहिलं. नाही.
तो बाजूला उभा राहिला, टोपी हातात,
दाद कुठे मागतात ते ठाऊक नसल्यासारखा.
मी रजिस्टर ओढलं. माझंच अक्षर:
लालमन पाळ.
'ल'च्या जागी 'ळ', माझ्या जिभेच्या सवयीने,
आणि समोर उभा माणूस सापडेना.

तेवढंच केलंय बुरशीने.
औषध येतं, गल्ली बरोबर, दार तेच,
पाटीवर एक अक्षर वेगळं.
जिन्यातूनच परत जातं.

खाडाखोड करून कागद त्याच्या हातात दिला.
डॉक्टर आता दुसरं लिहून देतील, म्हटलं,
खाज गेली तरी सोडायचं नाही,
चादर वेगळी, ट्यूब कुणाची घ्यायची नाही,
गणवेश उन्हात वाळवायचा.
"धूप?" तो हसला. "हम तो नीचे रहते हैं, मॅडम."

संध्याकाळी ती जुनी प्लेट पुन्हा दिव्यासमोर धरली.
धुकं जरासं दाटलं होतं.
सही केलेल्या रिपोर्टाच्या कडेला,
रकाना नाही तिथे,
पेन्सिलने लिहिलं, खोडता येईल असं:
सोसते आहे.
उद्या पुन्हा पाहणे.