जबाबदार व्यक्तीचे नाव

उदगीरबाहेरच्या माळावर,
विद्यापीठाच्या कुंपणाला लागून, आमची अणुभट्टी.
लहानच. तिच्यावर गावातला एक दिवा पेटत नाही.
मुलं येतात, करडईचं बियाणं तिच्या कुशीत ठेवतात,
आकडे घेऊन जातात.

आत आठ मीटर खोल पाणी.
गावात नळ अकराव्या दिवशी,
म्हणून मेहुणा विचारतो, घागरभर आणता येईल का.
भट्टी चालू असली की तळाशी निळं काही उजळतं.
नीळ घातलेल्या सदऱ्याचं नव्हे,
जवसाच्या फुलाचंही नव्हे.
बारा वर्षं बघतोय, घरी सांगता आलेलं नाही.

चौदा महिन्यांत तीन संचालक.
पहिले कुलगुरूंबरोबर आले, कुलगुरूंबरोबर गेले.
दुसरे प्रभारी;
सहीच्या आधी कायम एक 'करिता'.
तिसऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार :
वसतिगृह, क्रीडा, आणि आम्ही.
भिंतीवरच्या तक्त्यात नावावर नाव चिकटवलेलं,
आता तिथं टाचणी शिरत नाही.
नियामक मंडळाला कळवलं का?
जावक वहीत क्रमांक आहे.
पत्र सापडत नाही.

मग मंडळाच्या झुबेदा मणेर आल्या, पहाटेच्या गाडीनं.
शाल परत केली, नारळ वॉचमनला दिला.
संचालक म्हणाले, माणसं बदलली मॅडम, व्यवस्था तीच आहे.
त्या म्हणाल्या, एवढंच लिहून द्या.
पंखा फिरत राहिला.
कुणी पेन उघडलं नाही.

मला विचारलं सगळ्यात शेवटी :
रात्री दोनला घंटा वाजली, तर फोन कुणाला?
तक्ता समोरच होता. वाचून दाखवता आला असता.
मी पॅनेलच्या कडेला, रंग उडालेल्या जागी
शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या नंबरावर बोट ठेवलं.
मन्मथआप्पा हालगे. निवृत्त होऊन चार वर्षं.
देवणीच्या बाजारात त्यांचं
दावी-कासऱ्यांचं दुकान आहे.
त्यांनी नंबर उतरवून घेतला,
आणि विश्रामगृहावर जेवायला निघून गेल्या.

रात्री दोनला परत आल्या. स्वेटर घालून.
स्वतःच्या फोनवरून लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.
तिसऱ्या घंटीला आवाज, झोपेनं जड :
'पाणी किती हाय?'
कोण, कुठून, काही नाही. आधी पाणी.
त्या गप्प. मीच मागून म्हणालो,
सात ब्याण्णव, आप्पा. सगळं ठीक आहे.
'मंग काहून उठवूलालास?'

बाई हसल्या. दोन दिवसांत तेवढंच.
आणि तिथंच, पॅनेलवर वही टेकवून,
आदेश लिहायला बसल्या.

भट्टी बंद.
नाव ठरेपर्यंत, त्या नावाचं प्रशिक्षण होईपर्यंत,
त्यानं 'मी' असं लिहून देईपर्यंत बंद.
अट सहावी : भिंतीवरील क्रमांक पुसावा.

मला राग आला. रविवारी देवणीला गेलो.
आप्पा एका वासराच्या गळ्याला म्होरकी मापत होते.
ऐकून घेतलं, गाठ मारली, मग म्हणाले,
बरोबर केलं बाईनं.
माझं नाव कुठंच नव्हतं,
अन् चार वर्षं फोन उशाला घेऊन झोपूलालतो.
मला तरी कोण विचारलं होतं?

त्याला आता पाच महिने झाले.
खाली निळं नाही, नुसतं पाणी. बंद भट्टीलाही ते लागतं.
दर तासाला पातळी लिहितो.
पानाच्या तळाशी छापील ओळ आहे, जबाबदार व्यक्तीचे नाव,
आणि पुढं टिंबं.
पहाटे चारच्या सुमाराला कधी कधी
पेन आपोआप 'क' काढतं.
मी तो खोडतो.
खोडलेल्यावर माझी सही करतो, तारीख घालतो.