वळण

फीत तोडतानाचा माझा एकही फोटो नाही.
मी तिसरी. माझ्या वाट्याला वळण.

हौसेनं नाही सुरू झालं.
विडी घरकुलातून कारखान्यापर्यंत सव्वा किलोमीटर,
माल चारपर्यंतच घ्यायचे,
आणि अम्माची हजारावी विडी पावणेचारला बांधून व्हायची.
"पट्टू," ती म्हणायची, आणि टोपली सोडून द्यायची.
पट्टू म्हणजे धर.
मागं वळून बघितलं की एखादा कट्टा सांडायचा,
सांडलेल्याचे पैसे नाहीत.
बघणंच सोडून दिलं.

इरण्णा सर मिलमध्ये टाइमकीपर होते.
मिल गेली, स्टॉपवॉच राहिलं.
पार्क मैदानावर, मे महिन्यात,
डोक्याला ओला पंचा गुंडाळून म्हणायचे,
"वीस वर्षं लोकांचा उशीर लिहिला, पोरी,
आता तुझं लवकर येणं लिहितो."
पहिले स्पाइक्स कुणाचे तरी जुने, एक नंबर मोठे,
पुढं चादरीच्या किनारीच्या चिंध्या कोंबलेल्या.
महाराष्ट्राचं पहिलं पदक त्या चिंध्यांवर आलं.

मग पतियाळा. आम्ही चौघी.
चौथी जिषा, त्रिशूरची, माझ्याहून वीतभर उंच.
आठ लेन, आठही पोरी "हँड" ओरडणार,
ही भलतीच्याच हाकेला हात मागं करायची.
कुणीच ओरडणार नाही असा शब्द हवा होता.
मी म्हटलं, पट्टू.
ती हसत सुटली. "आमच्यात पट्टू म्हणजे रेशीम."
आमच्यातही, म्हटलं. दोन्ही.

कांस्य घेऊन घरी आले तेव्हा
अम्मानं ते तंबाखूच्या तराजूत टाकलं,
वजन केलं, काही बोलली नाही,
शेजारच्या नरसव्वाला बोलावून पुन्हा वजन केलं.

आणि ती फायनल.
इतकं चांगलं वळण मी कधीच पळले नव्हते.
जिषा खुणेच्या आधीच सुटली.
पट्टू.
पट्टू!
हात आला, पण पिवळी रेघ मागं राहिली होती,
पायाच्या एका पंजाएवढी.
जिषानं शेवटपर्यंत पळून तिसरी आणली.
मग बोर्डावरून आमचं नाव गेलं.

रात्री फोनवर अम्मानं विचारलं, "छाट?"
कारखान्यात तपासणारा बाजूला फेकतो, ती छाट.
"हो."
"किती काढल्या?"
"सगळ्याच."
पलीकडं कात्रीचा आवाज थांबला.
थोड्या वेळानं परत सुरू झाला.

जिषाशी सात महिने बोलले नाही.
चूक कुणाची, हे दोघींना माहीत होतं,
आणि दोघींची उत्तरं वेगळी होती.

नंतर मांडीचा मागचा स्नायू,
एकदा, मग दुसऱ्यांदा.
इरण्णा सरांच्या वहीत बेरीज आहे:
अकरा वर्षांतल्या सगळ्या शर्यती मिळून
सव्वा तासही भरत नाही.
बाकीचा वेळ कुठं गेला, ते वहीत नाही.

आता रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असते.
काल पाठमोरी उभी राहून पावती फाडत होते,
मागून हमालानं आवाज दिला, "धरा मॅडम,"
आणि माझा हात मागं गेला,
न बघता, सरळ, तळवा उघडा, अंगठा बाहेर.
तो गठ्ठा घेऊन तसाच उभा.
"काय झालं?"

काही नाही. ठेव काट्यावर.
तेवीस किलो. चादरी.
कुठं जायच्यात?