पाय मोडलेलं अक्षर

डंडीत डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
फ्रीझरमधली नळी मुठीत धरून
वितळू देते मी:
कुणा बाईच्या यकृताची कपची,
वय एकोणसाठ, लेबलवर एवढंच.

मोराग विचारते, तुमच्या लिपीत आहे का असं,
अक्षर तेच, आवाज काढून घेतलेला?
मी हातमोज्यावर पेनने ‘क’ काढते,
खाली तिरकी रेघ. क्.
पाय मोडला, म्हणते.

मिथाइल तसंच येऊन बसतं
जनुकाच्या उंबऱ्यावर.
आत मजकूर शाबूत, काना-मात्रेसकट.
वाचणारं प्रथिन दाराशी घुटमळतं
नि मागे फिरतं.

रात्रभर बायसल्फाइट.
सकाळी उघडे ‘सी’ पार बदललेले,
झाकलेले मात्र जसेच्या तसे.
गप्प राहिलेलंच टिकतं या परीक्षेत.

आईचा फोन. तिकडे दुपार.
बोलता बोलता कुमुदमावशी येते ओठांवर माझ्या,
आणि आई सिलेंडरचा नंबर लागला म्हणते.
एकतीस वर्षं.
ते पान घरातच आहे. फाडलं नाही कुणी.

स्क्रीनवर मोजते:
अठ्ठावीसांतले बावीस बंद.
“आणि सहा?” मोराग जॅकेटची चेन ओढत.
परत मोजते.
पाचही असतील.