'पण'च्या जागी 'आणि'

कंपनीने पाठवलं म्हणून गेले.
म्हात्रे पुलाजवळचा हॉल, शनिवार-रविवार,
नाश्त्याला उपमा, गळ्यात नावाची चिठ्ठी,
एसी इतका, की फरांदेबाई
कानाला मफलर गुंडाळून आत्मविश्वास शिकल्या.

खिस्तीमॅडम म्हणाल्या, डोळे मिटा.
तुमच्यावर ओरडणारा माणूस समोर आणा.
आता त्याचे रंग काढून घ्या.
लहान करा. अजून लहान. पोस्टाच्या तिकिटाएवढा.
आवाज द्या त्याला, बदकाचा.

सोमवारी भोसरीत
बेअरिंगच्या रखडलेल्या ऑर्डरवरून
तुंगारेसाहेब माझ्यावर तुटून पडले,
तेव्हा मी त्यांना रंग काढून, घडी घालून
टेबलाच्या कडेला, स्टेपलरशेजारी ठेवलं.
बदक बोलत राहिलं.
मी म्हटलं, "साहेब, गुरुवारपर्यंत माल येईल,"
आणि माझा आवाज
एकही पायरी न चुकता खाली उतरला.
सतरा वर्षांत पहिल्यांदा.

अँकर मात्र जमला नव्हता.
अंगठ्याने मधलं बोट दाबायचं आणि आठवायचा
असा एक क्षण, जेव्हा तुम्ही पुरते तुम्ही होता.
हॉलभर चिमटीत धरलेले क्षण:
कुणाची डिग्री, कुणाचं पहिलं पोर,
फरांदेबाईंचा सिंहगड, कुठेही न टेकता.
मी मिठाची चिमूट धरावी तशी बसून राहिले
आणि आठवला तो फक्त दिगू,
गच्चीवर बाबांचा चष्मा लावून चालणारा,
त्याच्यामागे त्याच्यासारखीच चालणारी मी,
तो खाजवेल तिथे खाजवणारी,
तो रडकुंडीला येईपर्यंत.

हे चालेल का, विचारायचं राहून गेलं.

शेवटच्या सत्रात फळ्यावर दोनच शब्द.
'पण' पुसा, 'आणि' लिहा.
'पण' म्हणजे आधीच्या वाक्यावरून फिरवलेलं पोतेरं,
मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी वहीत उतरवलं.
माझं पेन तिथेच थांबलं.
नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यावर पंधराव्या दिवशी,
सहकारनगरच्या फ्लॅटचे कागद पुढ्यात घेऊन
मी म्हणाले होते,
"आईचं सगळं तू केलंस, पण"

पुढचं मला आता धड आठवतही नाही.
त्याला पाठ असेल.

फोन मी केला. नळस्टॉपच्या हॉटेलात भेटलो.
भुवयासुद्धा पिकल्यात त्याच्या,
खिशाला मात्र अजून दोन पेनं.
मी ठरवून आले होते: रॅपो.
तो मागे रेलला; मी दोन सेकंद थांबून रेलले.
त्याने हाताची घडी घातली; मी घातली.
त्याने चहा बशीत ओतला.
मला बशीतला चहा आवडत नाही. ओतला.
मग त्याचा श्वास पकडला, शिकवला होता तसा,
त्याच्या लयीत माझा,
आणि दमले.
जिना चढून आल्यासारखा घेत होता तो श्वास,
बसून पाऊण तास झाला तरी.
हे मला कुणी कळवलं नव्हतं.
कळवणार तरी कोण?

"मंदे," तो म्हणाला, "अजून नक्कल करतेस?"

वेटर बिल ठेवून गेला.
दोघांचे हात एकदमच गेले त्याच्यावर,
आणि ह्या वेळी मी काहीही करत नव्हते.

"दिगू, आईचं सगळं तू केलंस,
आणि"

पुढे काय म्हणायचं ते फळ्यावर नव्हतं.
बाहेर सिग्नल सुटला, कात्रजची बस गेली,
सिग्नल पुन्हा लागला.
त्याने घाई केली नाही.
उरलेल्या चहावर साय धरत गेली,
आणि टेबलाखाली
माझा अंगठा मधल्या बोटावर, कधीपासून कोण जाणे,
नखाची खूण उमटेल इतका दाबलेला.